दौंडच्या नळावर राहिलेली बाई

१६ फेब्रुवारी, रविवार. वडगाव रासाई

आज पुन्हा दौंडची गोष्ट झाली.

सत्यजीतचा व्हिडिओ कॉल होता, कार्डिफहून. शेजारी सूनबाई, सायली. तिचे आईवडीलही पुण्याहून कॉलवर. सत्यजीत म्हणाला, मे महिन्याची तिकिटं काढलीत, दोन महिने राहायला या. सायली म्हणाली, "आई, इथून तासाभरावर मोठे डोंगर आहेत. तुम्ही आणि बाबा जोडीनं चढा. इकडे तुमच्या वयाची कितीतरी जोडपी चालायला येतात." मी हो म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात आमचे मालक मोबाइलपुढे सरकले.

"हिला कशाला नेता डोंगरावं. ही दौंडच्या नळावर ऱ्हायलेली बाई हाय."

झालं. सायलीच्या वडिलांनी विचारलं, म्हणजे काय? आणि यांनी मांडी बदलली. मांडी बदलली की समजायचं, आता सगळी सांगणार.

गोष्ट अशी. माझा एकुलता एक भाऊ माऊली, त्याचं लग्न जेऊरला. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झालेली. दौंडला पॅसेंजर लागलेली होती. हे म्हणाले, जा, पाणी भरून आण. मी तांब्या घेऊन नळावर गेले आणि गाडी सुटली. "मी आपला खिडकीतनं बघतोय, तर ही भरतीयाच. म्या म्हणलं भर बाई, दौंडचं पाणी लई ग्वाड." इथं लोक पहिल्यांदा हसतात. "मी लग्नाला ग्येलो, जेवलो, झोप काढली, आन् करवली आली कवा, तर मांडव मोकळा झाल्यावं." इथं दुसऱ्यांदा. तीस वर्षं याच दोन जागांवर लोक हसत आलेत. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला. आज सायलीही हसली. तिचा दोष नाही. हे सांगतातच तसं.

करवली मी होते. हातात कऱ्हा घेऊन भावाच्या पाठीशी मला उभं राहायचं होतं. तिकीट यांच्या खिशात, पैसे यांच्या खिशात. ओरडून थांबवावं तर नवऱ्याचं नाव तोंडात कसं घ्यायचं? मी 'अहो' म्हणून ओरडले. फलाटावर सगळेच अहो. दिवसभर दौंडला होते. संध्याकाळच्या गाडीनं पोचले तेव्हा माऊलीच्या लग्नाच्या अक्षता वाळूसारख्या पायाखाली टोचत होत्या. यांनी मला बघून विचारलं ते एवढंच, "पाय चालत न्हाईत का तुझं?"

दिवसभर तू कुठं होतीस, असं या माणसानं मला आजवर विचारलेलं नाही. त्या नळापाशी काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इथंही लिहिणार नाही.

पण एक लिहून ठेवते. सायलीच्या त्या डोंगरावर मी जाणार. यांना घेऊन जाणार. आणि वर नेऊन तिथं एकट्याला सोडून खाली येणार. मग मांडी मी बदलेन आणि गोष्ट मी सांगेन.

१९ फेब्रुवारी

बेत फक्त सरदारबीला सांगितला. आमच्या घरामागं तिचं शिवणाचं दुकान. ती कापड कापता कापता थांबली आणि म्हणाली, "बरं केलंस. पण सोडायचं म्हंजी तू म्होरं पायजेस. आत्ता मळ्यापतुर जाताना तुला धाप लागतीया."

खरं आहे. लग्नापासून हे पुढं, मी चार पावलं मागं. बाजाराला तसं, देवाला तसं, मयताला तसं. यांच्या कुठल्या सदऱ्याची शिवण कुठं उसवलीय हे मला बिनचूक सांगता येईल, कारण तीच बघत आले. पुढं चालायचं तर मला शिकावं लागणार.

शिरूरला जाऊन बूट घेतले. दुकानदार म्हणाला, मावशी, जॉगिंगचे का? म्हटलं, नाही, हिशेब चुकता करायचे. त्याला कळलं नाही. सरदारबीनं चालायला सुटसुटीत पंजाबी ड्रेस शिवला. ड्रेस बघून हे म्हणाले, "आता काय मिलिटरीत जाती का?"

२५ फेब्रुवारी

सकाळी चांगलं उजाडलं की निघते. आमच्याकडं अंधारात बाहेर पडायची सोय राहिलेली नाही. उसात बिबट्या आहे. पलीकडच्या वस्तीवरचं वासरू नेलं, वनखात्यानं पिंजरा लावलाय, त्यात बिबट्या सोडून दोन कुत्री सापडली. लोक सांगतात, उसाच्या वाटेनं रांगेत चालताना बिबट्या शेवटच्यावर येतो. म्हणून मी काठी घेते आणि नदीपर्यंत जाऊन घाटाच्या पायऱ्या चढ-उतर करते. आमच्या गावात डोंगर कुठला. सगळं भीमेकाठचं सपाट रान.

पिंढऱ्या दगडासारख्या झाल्यात. मजा येते आहे.

४ मार्च

आज उसाच्या वाटेवर मागं खसखस झाली. थांबले की थांबायची. काठी उगारून वळले तर कडेला पांढरी टोपी. आमचे मालक. हातात जाडजूड काठी, घामाघूम.

"मोटार बघाया आलो व्हतो," म्हणाले.

खोटं. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची आहे. दिवसा बंद मोटारीचं काय दर्शन घ्यायचं? आणि आपली मोटार नदीच्या वरच्या अंगाला. सरळ आहे, माझ्यावर पाळत ठेवलीय. ही म्हातारपणी कशी पळते ते बघून चावडीवर नवी गोष्ट सांगायची असेल.

घरी येताना मी मुद्दाम भराभर चालले. ते मागंच राहिले. म्हणाले, "तू हो म्होरं, मी हाय."

९ मार्च

पाळत चालूच. आता लपतही नाहीत. रोज काठी घेऊन मागं. विचारलं तर म्हणतात, "डाक्टर म्हनलाय चाला." कुठला डॉक्टर, कधी गेले होते, काही पत्ता नाही.

२७ मार्च

यवतवरून भुलेश्वरला गेलो. हेतू असा की चढावर मला आपला अंदाज यावा. सरदारबी येणार होती, पण हे स्वतःच म्हणाले, मी येतो. घाटाच्या पायथ्याला गाडी लावली आणि पायी चढायला लागलो.

सुरुवातीला हे पुढं, टोपी सावरत, भेटेल त्याला रामराम. सोसायटीचे चेअरमन होते तेव्हापासून सगळा तालुका ओळखतो. अर्ध्यात आल्यावर यांना फोन आला. बाजूला दगडावर बसून बोलत राहिले. मी पुढं गेले. वळून बघितलं, अजून कानाला फोन. पुढच्या वळणावरून बघितलं, अजून फोन. मी वर पोचून दर्शन घेऊन बसले तरी यांचा पत्ता नाही.

आले तेव्हा विचारलं, कुणाचा फोन एवढा? "मार्केट कमिटीचं," म्हणाले. मी आपला मोबाइल काढून बघितला तर त्या घाटात रेंजचा एक दांडा नाही. बायको पुढं गेली हे कबूल करायचं नाही म्हणून हे नाटक. मागं राहिला तरी पुरुष मागं राहत नाही, त्याला फोन आलेला असतो.

पण मला कळलं ते कळलं. चढावर मी पुढं जाऊ शकते.

११ एप्रिल

घरात दोन दिवस कसल्या तरी तेलाचा वास. विचारलं तर म्हणाले, गाईचा पाय मुरगळलाय, चोळतोय. गोठ्यात जाऊन बघितलं. गाय ठणठणीत, आणि वास गोठ्यात नाही, यांच्या धोतरजोडीला. गाईला चोळताना सांडलं असेल. या माणसाला धड तेलही लावता येत नाही.

सरदारबी आज म्हणाली, "समज सोडलंस. आन् घावलाच न्हाई तर?" मला राग आला. म्हटलं, मी सापडले नव्हते का? तिनं सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "तू घावली व्हतीस व्हय?"

तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे. मी ब्लाउजचं माप देऊन उठून आले.

१५ मे. कार्डिफ

पोचलो. विमानतळावर हे पुढं, दोघांचे पासपोर्ट यांच्या खिशात. सगळीकडे पाट्या दोन भाषांत, इंग्रजी आणि इथली वेल्श, आणि आधी त्यांची स्वतःची भाषा. एवढं आवडलं. थंडी आहे. सायलीनं जाकीट दिलं, त्याला इतके खिसे आहेत की घरचं सगळं त्यात मावेल.

२२ मे

रोज संध्याकाळी शेताशेतांतून चालायला नेतात पोरं. दुसऱ्याच्या शेतातून जायला इथं वाट सोडलेली असते, कुणी कुणाला हटकत नाही. आमच्याकडं बांध कोरतात, इथं बांधावर फाटक करून ठेवतात. मेंढ्या ढिगानं, मेंढपाळ एक नाही. हे मेंढ्यांशी मराठीत बोलतात.

फाटकांचा एक नियम सायलीनं सांगितला. जो शेवटी जाईल त्यानं कडी लावायची, नाहीतर मेंढ्या बाहेर जातात. पहिल्या दिवशी सगळी फाटकं मीच लावली. शेवटी कोण असणार? हे तर कधीच पुढच्या शेतात. एक म्हातारं जोडपं समोरून आलं, हातात हात, एका ओळीत. वाट एका माणसापुरती आणि हे दोघं एकमेकांना धक्के देत चाललेले. माझ्याकडं बघून हसले. मीही हसले, पण आतून जळाले.

आज मी फाटक आलं की पुढं पळायला लागले. म्हणजे कडी यांना लावावी लागते. यांच्या लक्षात आलं नसावं. बिनबोभाट लावतात. चार-पाच फाटकांनंतर तर स्वतःच थांबून म्हणायला लागले, "जा तू, मी लावतो." या देशाची हवाच वेगळी.

२ जून

उद्या जायचं. डोंगराचं नाव पेन-अ-वॅन. त्या भागातला सगळ्यात उंच. सत्यजीत म्हणाला, वाट दगडाची, रुंद, चुकायला जागा नाही, फक्त वरून उत्तरेकडं कडा तुटलेला आहे, तिकडं कडेला जायचं नाही आणि ढग उतरले तर हलायचं नाही.

बेत पक्का आहे. इथल्या सिमचा मोबाइल, पाणी, डबा, सगळं माझ्या पाठीवरच्या पिशवीत घ्यायचं. यांच्याकडं त्यांचा गावचा मोबाइल, तो इथं फक्त फोटो काढायला. दौंडला सगळं त्यांच्याकडं होतं, माझ्याकडं तांब्या. आता उलट.

यांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात बिस्किटांचा पुडा घालून ठेवला. साखर कमी होते कधीकधी. उगाच काही झालं तर बोल माझ्यावर यायला नको, म्हणून.

४ जून

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते.

पायथ्याशीच, लाकडी पुलापाशी, सायलीचा पाय मुरगळला. सत्यजीत म्हणाला, मी हिला घेऊन गाडीत बसतो, तुम्ही दोघं जाऊन या, माणसं आहेत वाटेनं. माझ्या मनासारखं झालं. देवालाही पटलेलं आहे असं वाटलं.

निघालो. नेहमीप्रमाणं हे पुढं. पहिला चढ लागला आणि मी बाजूनं काढून पुढं झाले. मग वरपर्यंत मी पुढं आणि हे मागं. माझ्या मागं यांची पावलं आणि काठीचा ठोका. वाटेत मी एकदाही वळून बघितलं नाही. त्यांनी माझी पाठ बघावी, माझ्या जाकिटाची शिवण पाठ करावी, असं मला वाटत होतं. काठीचा ठोका लांब गेला की मी पाऊल हळू करायचे, फार लांब गेला तर बेत कसा साधणार, म्हणून.

माथा सपाट आहे, गच्चीसारखा. दगडांची रास, तिच्यावर नावाची पाटी, आणि पाटीशेजारी फोटो काढायला लोकांची ओळ. वारा असा की तोंडातला शब्द पळवून नेतो. यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानं.

मी म्हटलं, "जावा, पाटीपाशी फोटो काढून या. मी हितं थांबते."

हे म्हणाले, "दोघांचा काढू."

"आधी तुमचा काढा. मी थांबते म्हनलं ना."

ते ओळीत जाऊन उभे राहिले. टोपी नीट केली. पाठ माझ्याकडं. मी वळले आणि चालायला लागले. हलकं वाटत होतं. दोन डोंगरांच्या मध्ये खळगी आहे तिथपर्यंत उतरले, आणि तेवढ्यात ढग आला. आला म्हणजे कुणी गोधडी टाकावी तसा. समोरचा दगड दिसेना. माझ्या मागून माणसं भुतांसारखी आली आणि उतरून गेली. मी एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसले.

मग हाक आली.

आधी "अगं". मग "अगं ए". मग "सत्याची आई". मी बसून राहिले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. तीस वर्षांचं कसलं तरी गळू फुटावं तसं बरं वाटलं. मनात म्हटलं, भर बाई, पाणी ग्वाड आहे.

हाक जवळ आली. अगदी जवळ. ते माझ्या दगडाच्या पलीकडं असावेत. बुटाखाली खडी वाजलेली ऐकली. आणि तिथं उभं राहून ते ओरडले, "सिंधू."

लग्नानंतर माझं नाव यांच्या तोंडून मी ऐकलेलं नव्हतं. कधीच. मी ओ दिली नाही. हात तोंडावर दाबून बसले. पुन्हा म्हणाले, सिंधू. आवाज फुटला होता. मी तरीही ओ दिली नाही. दौंडला मला ओ कुणी दिली होती?

मग आवाज लांब जायला लागला. आणि ज्या बाजूला जायला लागला ती कड्याची बाजू होती.

हे कळायला मला एक श्वास लागला असेल. मी उठले. ओरडले, "अहो." वाऱ्यानं उडवलं. पुन्हा "अहो, अहो." काही नाही. काठीचा ठोका तिकडंच चाललेला. अहो म्हणून या डोंगरावर कोण थांबणार आहे? मी छाती फुटेस्तोवर ओरडले, "पोपट." राव सुद्धा लावलं नाही. "पोपट, थांबा. हलू नका."

काठी थांबली.

मी आवाजाच्या दिशेनं गेले. उभे होते. पुढं गवत आणि मग नुसतं पांढरं. दंडाला धरून मागं ओढलं. एक गुडघा चिखलानं भरलेला, टोपी गेलेली. दगडापाशी येऊन बसलो. मला वाटलं आता तोंड सोडतील. मी तयार होते, माझ्याकडं तीस वर्षांचं उत्तर तयार होतं.

हळूच म्हणाले, "तू हितंच व्हतीस?"

"व्हय."

"ऐकू येत व्हतं?"

"व्हय."

मान हलवली. जाकिटात हात घातला, बिस्किटांचा पुडा लागला, तो बघत राहिले. मग फोडला, दोन मला दिली, दोन स्वतः घेतली. ढग विरळ होईपर्यंत आम्ही तिथंच बसलो. उठायच्या आधी त्यांनी विचारलं, "दौंडला दिवसभर कुठं बसली व्हतीस?"

या एका प्रश्नासाठी मी तीस वर्षं थांबले होते. आणि आला तेव्हा मी काय केलं? पिशवी पाठीला लावली आणि म्हटलं, "चला. पाय चालत न्हाईत का?"

उतरताना ते गुडघा धरून बाजूबाजूनं पाय टाकत होते. ते नाटक नव्हतं, एवढं माझ्या ध्यानात आलं. कधीपासून दुखतोय, विचारलं नाही. खालचं फाटक त्यांनीच लावलं.

६ जून

घरात कुणाला काही सांगितलेलं नाही. ते रुसून बसलेत, दुसरं काय. खिडकीपाशी बसतात आणि मी स्वयंपाकघरातून उठले की कुठं चाललीस म्हणून मान वळवतात.

माझा बेत पुरा झाला. मला वाटलं होतं पोट भरेल. भरलं नाही. सोडताना गोड लागलं, पण मी ज्या माणसाला सोडलं तो मला हाका मारत होता. दौंडला खिडकीतल्या माणसानं हाकही मारली नव्हती. हिशेब बसत नाही.

८ ऑगस्ट. वडगाव रासाई

परत येऊन तीन आठवडे झाले. सकाळी नदीकडं जाते. हे मागं असतातच, गुडघ्याला पट्टा बांधून. आता चोरून नाही बांधत. सरदारबीला डोंगराचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येडे, बिबट्या मागच्यावं येतो. तवा फाल्गुनापास्नं तुज्या मागं कोन चालतंय?"

मी म्हटलं, पाळत ठेवायची सवय आहे त्यांना. ती मशीनचं चाक फिरवत राहिली. रात्री बराच वेळ झोप आली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

माऊलीच्या मोनालीचं आज भांडगावला लग्न झालं. हायवेच्या कडेचं कार्यालय. माऊलीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आक्का, पोरीच्या मागं कऱ्हा घेऊन तू हुबी ऱ्हा. करवली ल्हान पोरगी लागती आसं कुटं लिवलंय?" उभी राहिले. अक्षता माझ्या डोक्यावरही पडल्या. आत्ता लिहितानाही केसांत एक सापडली.

जेवणानंतर खुर्च्या गोल करून सगळे बसले. नवरीला नाव घ्यायला लावलं, मग बायका माझ्या मागं लागल्या, आक्का तुम्ही पण घ्या. आणि पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, "आदी पोपटराव, ती दौंडची सांगा. लग्नाचा विषय निघालाय तवा." नवरदेवाकडच्यांनी ऐकलेली नव्हती. ते सरसावून बसले.

मी यांच्या मांडीकडं बघितलं. बदलली नाही.

म्हणाले, "ती मला म्हाईत न्हाई."

लोक हसले. त्यांना वाटलं नवी सुरुवात आहे. हे हसले नाहीत. "मी गाडीत व्हतो. फलाटावं काय झालं मला काय म्हाईत? तीस वर्सं मी उगा ऐकीव सांगत आलो, त्ये पन न ऐकता. तिला इचारा."

सगळे माझ्याकडं वळले. माऊली पण. मी उठले. बायकांना म्हटलं, नाव घ्यायचंय ना, घेते. आणि घेतलं,

भीमेच्या पाण्यात ऊन पडलं कोवळं,
पोपटरावांचं नाव घेते, मन माझं मोकळं.

टाळ्या झाल्या. त्या थांबेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "ह्यो उखाना मी पयल्यांदा लग्नात घेतला न्हाई. दौंडच्या नळापाशी घेतला."

आणि सांगितलं. गाडी गेल्यावर मी रडत होते. बाकावर चार गडी बसले होते, कुठल्या तरी गाडीची वाट बघत. म्हणाले, नवऱ्याचं नाव सांग, आम्ही पुढच्या स्टेशनला निरोप धाडतो. मला नाव घेता येईना. मग एक म्हणाला, उखाण्यात घे. मी बावीस वर्षांची होते. मला वाटलं हे खरंच मदत करतायत. तांब्या हातात धरून, डोक्यावर पदर घेऊन, मी चार परक्या गड्यांपुढं उखाणा घेतला. ते म्हणाले, ऐकू नाही आलं, पुन्हा घे. मी पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा म्हणाले थोडी लाजून घे. तेव्हा ते हसायला लागले, आणि बाजूचे पण हसले, आणि मला कळलं. मग त्यांची गाडी आली आणि ते गेले. मी नळाच्या ओट्यामागं, कुणाला दिसणार नाही अशी, संध्याकाळपर्यंत बसले. बोरं विकणाऱ्या एका बाईनं शेवटी हात धरून जेऊरच्या गाडीत बसवलं आणि तिकीटही काढून दिलं.

"मी दिसभर तितं बसले व्हते," म्हटलं. "इचारलं व्हतं ना तुमी."

कुणी हसलं नाही. ज्या दोन जागांवर लोक हसायचे त्या जागा आल्याच नाहीत. माऊली उपरण्यानं तोंड पुसत होता. मी यांच्याकडं बघितलं नाही, मुद्दाम. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लंगडत कुणीतरी चाललं. कार्यालयाच्या मागं पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, तिकडं. बराच वेळ पाणी पडल्याचा आवाज येत होता. भरलेला तांब्याही कधीकधी उगाच भरत राहतो माणूस.

मग ते आले. भरल्या मांडवात, व्याह्यांच्या देखत, दोन्ही हातांनी तांब्या धरून माझ्यासमोर उभे राहिले. पाणी सांडून माझ्या पायावर पडत होतं.

तहान मला लागली होती. पण तांब्या मी लगेच घेतला नाही. त्यांना थोडा वेळ तसंच उभं राहू दिलं.